समुद्रतळाची सोनोग्राफी, पण अहवाल कुठे आहे?

पोटाची सोनोग्राफी आणि समुद्रतळाची पाहणी यांचे तत्त्व एकच. आवाज सोडायचा आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी एका सेकंदाने परतला, तर तळ 750 मीटर खोल. पूर्वी शिसे बांधलेला दोर सोडून खोली वावांत मोजत. आज मासेमारी नौकेवरचा फिशफाइंडर ते काम आवाजाने करतो.

खोलीबरोबर तळाचा पोतही कळतो. खडकावरून प्रतिध्वनी जोरात येतो, मऊ चिखलावरून क्षीण. कमी कंपनांचा आवाज तर चिखलात शिरून खालचे थर दाखवतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशा पाहण्यांतून पश्चिम किनाऱ्यालगतच्या गाळात अडकलेला वायू शोधला आहे. आतड्यातील वायूमुळे जसे मागचे स्वादुपिंड दिसत नाही, तसे या वायूखालचे थर झाकले जातात. म्हणून नुसत्या चित्रावर निदान करू नये. संशयास्पद गाठीचा तुकडा आम्ही तपासायला पाठवतो. समुद्रतळाचा गाळही वर काढून तपासावाच लागतो.

याचा दापोलीकरांशी संबंध काय? 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ वादळ आठवा. वादळात समुद्राचे पाणी किती चढेल, हे वाऱ्याबरोबरच किनाऱ्याजवळचा तळ किती उथळ आहे यावरही ठरते. शिवाय खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे पावसाळ्यात सरकतात. नौका तिथे रुतली किंवा उलटली, तर प्रश्न खलाशांच्या जिवाचा असतो. जुन्या सोनोग्राफीवर आम्ही आज शस्त्रक्रिया करत नाही. मग जुन्या नकाशावर नौका का हाकाव्यात?

माझ्या मते दाभोळ, आंजर्ले आणि बाणकोट या खाड्यांच्या मुखांची पाहणी दरवर्षी पावसाळ्यानंतर, हंगाम सुरू होताना व्हावी. तिचा नकाशा सोप्या मराठीत मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागावा. खर्च होईल, हे खरे. संरक्षणासाठी समुद्राचे काही तपशील राखून ठेवावे लागतात, हेही मान्य. पण जी खोली कोणत्याही फिशफाइंडरवर दिसते, ती गुपित कसली? रुग्णाला त्याचा अहवाल मिळण्याचा हक्क आहे. ज्यांचे पोट या समुद्रावर आहे, त्यांनाही तो असायला हवा.