कान झाकल्याने अफवा थांबत नाही

सांघिक ऑनलाइन खेळात कोणी शिवीगाळ करू लागला, अथवा एकच कर्कश आवाज पुनःपुन्हा वाजवू लागला, तर सोबतचा खेळाडू एक कळ दाबून त्याला गप्प करतो. व्हॉट्सॲपच्या गटातही ‘म्यूट’ची अशीच सोय आहे. त्यामुळे डोके शांत राहते, हे खरे. परंतु आवाज बंद होतो तो कळ दाबणाऱ्यापुरताच. बोलणारा बोलतच राहतो आणि इतर ऐकतच राहतात. खेळात याने फार तर डाव बिघडतो. गावात मात्र माणसांचे प्राण जातात, हे डहाणू तालुक्याने पाहिले आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीत या परिसरात मुले पळविणाऱ्या आणि मूत्रपिंडे काढून नेणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक यांची पोलिसांदेखत हत्या केली. पुढे या हत्येलाच धार्मिक रंग देणाऱ्या नव्या अफवा उठल्या आणि त्या खोडून काढण्यासाठी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करावी लागली.

तांत्रिक बंधने नव्हती असे नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जुलै 2018 मध्ये पाच जणांचा अशाच अफवेने बळी घेतल्यानंतर, आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एप्रिल 2020 च्या आरंभी एकावर आणली गेली. गडचिंचले त्यानंतर काही दिवसांतच घडले.

सारा दोष यंत्राच्या माथी मारणेही बरोबर नाही. 10 ऑक्टोबर 1945 रोजी, वारली चळवळ ऐन भरात असताना, गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका असल्याची खोटी वार्ता याच मुलखात पसरविण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी हजारो आदिवासी तलवाड्याला धावले आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा हाती फोन नव्हते; वार्ता पाड्यापाड्यांतून तोंडोतोंडीच गेली होती. म्हणूनच इंटरनेट बंद करण्याचा सरकारी उपाय अपुरा ठरतो. त्याने अफवेची एक वाट अडते. पण तिचे खंडन करणाऱ्याचे तोंडही बंद होते.

प्रश्न उरतो तो गटप्रमुखाचा. सभासदाच्या मजकुराबद्दल, समान हेतू नसेल तर, गटप्रमुखाला गुन्हेगार ठरविता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला. तो न्याय्यच आहे. तथापि 2022 पासून कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची शक्ती गटप्रमुखाला मिळाली आहे. कायद्याने शिक्षा नाही म्हणून नैतिक जबाबदारीही नाही, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

मात्र या शक्तीलाही दुसरी धार आहे. अफवा पुसणारा हात उद्या सरपंचावरील टीकाही पुसू शकेल. शिवाय पुसलेला संदेश ज्यांनी आधीच वाचला, त्यांच्या मनातून तो जात नाही. तेव्हा पुसण्याइतकेच उत्तर देणे महत्त्वाचे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथील ग्रामसभांना ‘पेसा’ कायद्याने विशेष अधिकार दिले आहेत. कोणती वार्ता कोणाकडून पडताळायची आणि ती खोटी ठरल्यास आशा कार्यकर्ती, शिक्षक की पोलीस पाटील यांपैकी कोणी पाड्यावर जाऊन लोकांच्याच बोलीत सांगायचे, हे ग्रामसभेने शांततेच्या दिवसांतच ठरवून ठेवले पाहिजे. रात्री जमाव रस्त्यावर उतरल्यावर अशा माणसाचा शोध घेणे व्यर्थ असते; त्या वेळी कोणी कोणाचे ऐकत नाही.