पहिली पोथी कोणती?

जैन आचारात स्वाध्यायाची गणना सहा अंतरंग तपांमध्ये केलेली आहे. उपवासाला जे मोल, तेच वाचनाला दिलेले आहे. तत्त्वार्थसूत्राने स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. यांपैकी पृच्छना, म्हणजे मनात आलेली शंका विचारणे, हा प्रकार एकट्याने साधत नाही. त्यासाठी समोर कोणी असावे लागते. पूर्वी ही सोय मंदिरातील शास्त्रसभेने आणि घरातील माजघराने केली होती. एकजण वाचीत असे आणि दहाजण ऐकत असत. पुढे व्यापारानिमित्त कुटुंबे पांगली, माजघरे रिकामी झाली आणि पुस्तके कपाटात गेली. श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला त्यांची पूजा होते. उघडण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो.

नीरेच्या खोऱ्यातील एका बाजारपेठेच्या गावी गुळाची आणि भुसाराची अडत असलेल्या अशाच एका घराण्याची ही हकिगत आहे. नाव-गाव वगळून ती सांगण्यास त्या घराची संमती आहे. मूळ घरी थोरले काका, काकू आणि आजी. बाकीची घरे पुणे, सोलापूर, हुबळी आणि एक थेट मस्कतला. मोबाइलवर घराण्याचा एक समूह होता. त्यात सकाळी देवदर्शनाची छायाचित्रे, सणाला शुभेच्छा आणि अधूनमधून बाजारभाव, एवढीच देवाणघेवाण चाले. धाकट्या सूनबाईंनी एका आषाढात सुचविले की, चातुर्मासात दर रविवारी सर्वांनी पडद्यावर एकत्र यावे आणि एक पुस्तक मिळून वाचावे.

वेळ ठरविणे अवघड गेले नाही. घरात चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि साडेआठला स्वयंपाकघरही मोकळे असते. मस्कतला तेव्हा सात वाजलेले असतात. फुकट मिळणारी बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होते, हे कळल्यावर आजींनी एवढाच शेरा मारला, "म्हणजे सामायिकाहून आठ मिनिटे कमी. तेवढे तर कोणीही बसेल."

खरा प्रश्न पुस्तकाचा होता. आजींच्या मनात समयसार होते. पुण्याच्या आत्यांना एखादी मराठी कादंबरी हवी होती. कॉलेजात जाणाऱ्या नातवंडांनी गुंतवणुकीवरील इंग्रजी पुस्तकांची यादी पाठविली. सूनबाईंचे माहेर श्वेतांबर, सासर दिगंबर. त्यामुळे कोणताही शास्त्रग्रंथ काढला तरी कोणाच्या तरी मनात किंतु राहण्याची भीती होती. थोरल्या काकांना तर हा सारा उद्योगच पसंत नव्हता. दिवसभर पेढीवर डोळे शिणलेल्या माणसाने रात्री पुन्हा पुस्तकात डोके घालावे कशाला, व्यापाऱ्याच्या पोराने वही नीट वाचली तरी पुष्कळ झाले, असे त्यांचे म्हणणे.

सूनबाईंनी मते मोजली नाहीत. मते मोजली की एक घर जिंकते आणि चार घरे हरतात. हरलेली घरे पहिल्या दोन बैठकांना येतात आणि तिसऱ्या रविवारी त्यांना लग्नाचे निमंत्रण असते. त्यांनी पुस्तकाची नावे बाजूला ठेवून आधी कसोट्या ठरवून घेतल्या. आजी आणि नातू दोघांनाही ज्यात शिरता येईल असे पुस्तक असावे. ते चातुर्मासात पुरे व्हावे. कोणत्याही एका पंथाची बाजू घेणारे नसावे. आणि त्यात आपल्या घरासारखे घर असावे. या चारही कसोट्यांना उतरणारे एक पुस्तक हुबळीच्या जावयांना ठाऊक होते. ते होते कविवर बनारसीदासांचे 'अर्धकथानक'.

बनारसीदासांचे नाव स्वाध्याय करणाऱ्या घरांना 'समयसार नाटक' या ग्रंथामुळे परिचयाचे असते. त्यांनी स्वतःच्या आयुष्याची कथाही लिहिली आहे, हे तितकेसे माहीत नसते. 1586 साली जौनपूरला श्रीमाल जैन व्यापारी घरात त्यांचा जन्म झाला. 1641 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्ऱ्यात त्यांनी हे आत्मचरित्र पद्यात रचले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर पंचावन्न वर्षे म्हणजे निम्मे, म्हणून ही 'अर्धी कथा'. भारतीय भाषांतील पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. पंडित नाथूराम प्रेमी यांनी 1943 साली मुंबईहून त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. मुकुंद लाठ यांचा इंग्रजी अनुवाद 1981 सालचा आहे, आणि रोहिणी चौधरी यांनी अलीकडे ते हिंदी गद्यात व इंग्रजीत आणले आहे. त्यामुळे नातवंडांना इंग्रजी, मधल्या पिढीला हिंदी आणि आजींना मूळ पद्य, अशी तिन्ही पिढ्यांची सोय झाली. आजींना ती जुनी हिंदी परकी वाटली नाही. ज्यांना छहढाला मुखोद्गत आहे, त्यांच्या कानाला हे वळण ओळखीचेच असते.

पुस्तकात सुमारे 675 पद्ये आहेत. दर रविवारी पंचेचाळीस धरली तर पंधरा बैठका होतात. चातुर्मासाचे सुमारे सतरा आठवडे. त्यातून पर्युषण आणि दशलक्षण यांसाठी दोन रविवार वगळले की हिशेब बरोबर जुळतो. हा आकडेमोडीचा कागद पाहून थोरले काका प्रथमच म्हणाले, "हे मात्र व्यवहाराला धरून आहे."

नियमही मोजकेच केले. प्रथम दहा मिनिटे मूळ पद्यांचे वाचन, मग अर्थ, मग शंका. वाचन दर खेपेला वेगळ्या घराने करावे. ज्याला पुढचे वाचून येणे जमले नाही त्यानेही यावे, निदान ऐकावे. बैठकीचे ध्वनिमुद्रण होणार नाही आणि तेथे बोललेले तेथेच राहील. स्वाध्यायाचा पाचवा प्रकार, धर्मोपदेश, साधू-साध्वींवर सोपवावा. बैठकीत कोणी कोणाला उपदेश करू नये. हा शेवटचा नियम आजींनी सुचविला होता, याचे सर्वांना नवल वाटले.

पहिल्याच काही रविवारी थोरल्या काकांना पुस्तकात स्वतःची भेट झाली. पौगंडवयात पोथ्या आणि आशिकी यांतच रमलेल्या बनारसीला घरची वडीलधारी माणसे समजावतात की, फार वाचणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानी बसावे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे बोल ऐकून पाचही पडद्यांवर हशा पिकला. काकाही हसले आणि त्यानंतर त्यांनी एकही रविवार चुकविला नाही.

पुढे कथा गंभीर होते. 1605 साली अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता येते. बनारसी जिन्यावर बसलेले असतात. ती ऐकताच घेरी येऊन खाली पडतात आणि कपाळ फुटते. शहरात हाहाकार उडतो, दुकाने बंद होतात, लोक चीजवस्तू जमिनीत पुरतात. राज्य डळमळले की पेठ कशी गोठते, हे इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारे चित्र व्यापाऱ्याच्या लेखणीतून उतरले आहे. शृंगाराची स्वतः रचलेली पोथी ते एके दिवशी गोमतीत सोडून देतात. नंतर वडील त्यांच्या हाती जवाहीर, तूप, तेल आणि कापड असा माल देऊन त्यांना आग्ऱ्याला पाठवितात. तेथे अनुभव कमी पडतो. काही माल तोट्यात जातो, काही रत्ने हरवतात, आणि अखेरीस खाण्यापुरतेही पैसे उरत नाहीत.

बाजारात तोंड दाखविण्यासारखे राहिले नाही, तेव्हा बनारसी घरीच बसून रात्री 'मधुमालती' आणि 'मृगावती' ही प्रेमाख्याने वाचून दाखवू लागले. दहा-वीस माणसे ऐकायला येत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसी त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या खात. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात खरे सांगितले की, आपल्याजवळ काही नाही, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, असे उत्तर दिले. सहा-सात महिने असे चालले. पुढे बनारसींनी हिशेब करून ते देणे फेडले. मस्कतच्या नातीने या वेळी विचारले, "म्हणजे तेव्हाही पुस्तकाचा क्लब होता?" त्या प्रश्नावर त्या रविवारी बराच वेळ बोलणे झाले.

त्यानंतरच्या एका बैठकीत खैराबादचा प्रसंग आला. रिकाम्या हाताने बनारसी सासरी पोहोचतात. रात्री पत्नी आग्ऱ्याच्या व्यापाराची चौकशी करते आणि खरी परिस्थिती तिला कळते. ती दूषण देत नाही. साठविलेले वीस रुपये ती त्यांच्यापुढे ठेवते, मग आपल्या आईला विश्वासात घेते, आणि आई गुपचूप दोनशे रुपये देते. त्या भांडवलावर ते पुन्हा आग्ऱ्याची वाट धरतात.

वाचन सोलापूरच्या घराकडे होते. तेथील पुतण्या सुताच्या व्यापारात आहे. पद्यांचा अर्थ सांगता सांगता तो थांबला आणि पडद्यावरील त्याचे चित्र बंद झाले. नेटवर्क गेले असावे, असे सर्वांना वाटले. नेटवर्क शाबूत होते. दीड वर्षापूर्वी दोन मोठ्या गिऱ्हाइकांकडे त्याची उधारी अडकली होती. घराला कळू नये म्हणून त्याने बाहेरून चढ्या व्याजाने रक्कम उचलली होती आणि एका व्याजासाठी दुसरे कर्ज काढीत आला होता. त्याच्या पत्नीला यातले अक्षरही माहीत नव्हते. त्या रात्री त्याने तिला सर्व सांगितले. मंगळवारी दोघे वह्या घेऊन मूळ घरी गेले.

थोरल्या काकांनी वह्या दोन दिवस पाहिल्या. बोलणी बसतील या अपेक्षेने पुतण्या खाली मान घालून उभा होता. काका म्हणाले, "तोटा धंद्यात येतोच. तू तो दीड वर्ष एकट्याने वाहिलास, हे चुकले. सहा महिन्यांपूर्वी आला असतास तर निम्म्यात निभावले असते." अडकलेली उधारी अजून वसूल झालेली नाही. चढ्या व्याजाचे कर्ज आधी मिटवावे म्हणून घराण्याने गावातील एक जुने गोदाम विकायला काढले आहे. सूनबाईंनी आपल्या नावावरची ठेव मोडली आहे. पुस्तक वाचल्याने कर्ज फिटत नाही. पण कर्ज आहे हे सांगण्याची वाट त्या घराला पुस्तकाने दिली, एवढे खरे.

यावर कोणी म्हणेल की, चार माणसांत बसून वाचण्याची गरज काय, हेच पुस्तक त्या पुतण्याने एकट्याने वाचले असते तर? याचे उत्तरही बनारसीदासांच्याच आयुष्यात आहे. मध्यवयात समयसारावरील राजमल्लांची टीका त्यांच्या हाती आली. जाणत्याच्या मार्गदर्शनाविना त्यांनी ती वाचली आणि भलताच अर्थ घेतला. पूजा-पाठ सोडून दिले, तीन मित्रांसह बंद खोलीत मुनींचे नग्न सोंगही आणले. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे पंडित रूपचंद आग्ऱ्याला आले, सर्वांनी मिळून गोम्मटसाराचा अभ्यास केला, तेव्हा दृष्टी स्वच्छ झाली. 'समयसार नाटक' त्यानंतरचे आहे. ग्रंथ चांगला असूनही एकट्याचे वाचन भरकटू शकते. सोबतीचा उपयोग तेथे होतो.

पुस्तकाच्या अखेरीस बनारसीदास आपले गुण आणि दोष दोन्ही मांडतात, जणू वर्षअखेरीचा जमा-खर्च. तीन विवाह झाले. दोन मुली आणि सात मुलगे, अशी नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली, हेही ते आक्रोश न करता सांगतात. त्या शेवटच्या रविवारी चाळीस मिनिटे संपून बैठक आपोआप बंद पडली आणि सर्वजण पुन्हा जोडले गेले. आजी फारसे बोलल्या नाहीत. त्यांचीही दोन अपत्ये लहानपणीच गेली होती, हे नातवंडांना त्या दिवशी प्रथमच कळले.

ज्या घरांना असा उपक्रम आरंभायचा असेल, त्यांनी याच पुस्तकापासून सुरुवात करावी असे नाही. कसोट्या मात्र आधी ठरवाव्यात आणि नावे मागाहून काढावीत. पुस्तक आटोपशीर असावे, तिन्ही पिढ्यांना पेलावे, आणि त्यात कोणाला तरी आपले झाकलेले पान दिसण्याची शक्यता असावी. वेळ पाळावी आणि उपदेश टाळावा. पहिल्या पुस्तकाची निवड एकाने केली तर दुसऱ्याची दुसऱ्याने करावी.

त्या घराण्याने कार्तिकी पौर्णिमेनंतर महिनाभर विसावा घेतला आहे. दुसरे पुस्तक निवडण्याचे काम सोलापूरच्या पुतण्याकडे दिले आहे. त्याने अद्याप नाव सांगितलेले नाही. थोरले काका मात्र दर रविवारी साडेआठला त्याला फोन करून विचारतात.