‘व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटी’ म्हणून हसणाऱ्यांनो, एक मिनिट

परवा संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर जुना विषय निघाला. कोविडमध्ये लोकांनी काय काय केलं याचा. एकाने गोमूत्र काढलं, दुसऱ्याने थाळ्या, तिसऱ्याने कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी. सगळे पोट धरून हसले. मग आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "आपल्या लोकांची अक्कलच तेवढी हो. व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटीचे पदवीधर!" पुन्हा हशा.

मला हसू आलं नाही. घरी आलो, तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘लोक मूर्ख होते’ ही आपण सोयीसाठी रचलेली गोष्ट आहे. लोकच मूर्ख ठरले की बाकी कुणाला जाब द्यावा लागत नाही. मंत्र्याला नाही, महापालिकेला नाही, डॉक्टरला नाही, आणि आपल्यासारख्या शिकलेल्यांना तर नाहीच नाही.

जरा आठवून बघा. मार्च २०२० मध्ये नौपाड्यातल्या माणसाकडे विचारायला कोण होतं? फॅमिली डॉक्टर? पहिल्या काही आठवड्यांत कितीतरी दवाखान्यांची शटरं खाली होती. सरकारला दवाखाने उघडा म्हणून इशारे द्यावे लागले होते. पेपर? मार्चअखेरीस पेपर घरी यायचा बंद झाला, कारण कागदावरून विषाणू येतो ही भीती. एप्रिलमध्ये तर राज्य सरकारनेच घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत बाकी महाराष्ट्राला सूट मिळाली, पण मुंबई महानगर आणि पुण्याला नाही. म्हणजे आपल्याला नाहीच. ७ जूनपर्यंत दारात पेपर नव्हता.

आता हे नीट बघा. ज्या कागदावर संपादकाचं नाव असतं, पत्ता असतं, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो, तो कागद धोकादायक म्हणून थांबवला. आणि ज्याला नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, ते फॉरवर्ड चोवीस तास मोबाईलवर बिनधास्त येत राहिलं. मग म्हणायचं, लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवतात! अरे, दुसरं ठेवलं काय होतं समोर?

बरं, अधिकृत म्हणून जे येत होतं ते तरी कसं होतं?

मास्कचं घ्या. मार्चमध्ये सांगत होते, निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला, नसेल तर कारवाई. माझी तक्रार सल्ला बदलल्याची नाही. नवीन आजार होता, कळत जाईल तसं बदलणारच. पण "काल आम्ही असं म्हणालो होतो, आज या कारणाने वेगळं सांगतोय" हे एक वाक्य कुणी बोललं का? नाही. थेट पावती फाडायला सुरुवात.

हवेचं घ्या. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ठासून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. आपण भाज्या धुतल्या, दुधाच्या पिशव्या धुतल्या, लिफ्टची बटणं टूथपिकने दाबली, आणि खिडक्या मात्र गच्च लावून बसलो. बंद, कोंदट जागेत हवेतून लागण होऊ शकते हे त्याच संघटनेने स्पष्ट शब्दांत लिहिलं एप्रिल २०२१ च्या शेवटी. तोवर आपल्याकडे दुसऱ्या लाटेत माणसं मरत होती. त्या वर्षात टूथपिक वापरणारा माणूस मूर्ख होता का? तो बिचारा आज्ञाधारक होता.

आर्सेनिकम अल्बम आठवतंय? सोसायट्यांमध्ये, शाखांमध्ये, मंडळांमध्ये साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या वाटल्या. तीन दिवस, उपाशीपोटी. हे कुठल्या बाबाचं फॉरवर्ड नव्हतं. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २९ जानेवारी २०२० ला काढलेल्या पत्रकात ते होतं. आमच्या सोसायटीत त्या बाटल्या मी स्वतः दारोदार दिल्या. वर पत्रकाचा फोटोही ग्रुपवर टाकला, "शासनमान्य" असं लिहून. कोविडवर त्याचा उपयोग होतो याचा पुरावा काय, हे मी विचारलं नाही. माझ्या हातात पदवी होती, प्रश्न नव्हता. पदवीचं काय घेऊन बसलात?

१९ फेब्रुवारी २०२१ ला ‘कोरोनिल’च्या कार्यक्रमात तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन व्यासपीठावर होते. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. १० मे २०२१ ला शेजारच्या गोव्यात आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन द्यायचं. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाच सांगत होती की चाचण्यांच्या बाहेर हे औषध कोविडला वापरू नका. आता कट्ट्यावरच्या मॅनेजर साहेबांनी मला सांगावं, ही कुठली युनिव्हर्सिटी?

हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. भाज्या धुतल्याने कुणी मेलं नाही, साबुदाण्याच्या गोळ्यांनीही नाही. जे सोडता येत नाही ते रेमडेसिवीर.

एप्रिल २०२१. आमच्या मजल्यावरचे एक काका दाखल होते. मुलाच्या हातात चिठ्ठी आली, सहा इंजेक्शनं आणा. पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक. रुग्णालयात नाहीत, बाहेरून आणा. तो मुलगा आणि मी स्कूटरवर गोखले रोड, राम मारुती रोड, मग कोपरी, मग मुलुंड, एकेक मेडिकल पालथं घालत होतो. प्रत्येक ठिकाणी रांग आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तीच चिठ्ठी. शेवटी ‘कुणाच्या तरी ओळखीने’ चार मिळाली. छापील किमतीच्या कितीतरी पट. काकूंच्या पाटल्या गेल्या. उरलेली दोन मिळेपर्यंत काका गेले.

आता तारखा बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे सहा महिने आधी, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. ३० देश, ११ हजारांहून जास्त रुग्ण, त्यात भारतातलेही. दाखल रुग्णांच्या मृत्यूवर रेमडेसिवीरचा फारसा परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष. २० नोव्हेंबर २०२० ला संघटनेने सांगितलं, दाखल रुग्णांना हे देऊ नका. अमेरिकेतल्या एका चाचणीत काही रुग्ण लवकर बरे झाल्याचं दिसलं होतं, हे खरं. पुढे २०२२ मध्ये काही ठराविक रुग्णांसाठी संघटनेने शिफारस बदलली, हेही खरं. पण एप्रिल २०२१ मध्ये "हे मिळालं तर वाचेल, नाही मिळालं तर गेला" असं म्हणण्याइतका आधार कुणाकडेच नव्हता. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया त्याच दिवसांत सांगत होते की ही काही जादूची कांडी नाही.

पण चिठ्ठीवर ते लिहिलेलं नव्हतं. चिठ्ठीवर फक्त ‘सहा’ लिहिलेलं होतं.

तो मुलगा आजही मला म्हणतो, "दादा, ती दोन एक दिवस आधी मिळाली असती तर..." मी त्याला निष्कर्ष दाखवले, तारखा दाखवल्या. तो मान हलवतो आणि पुन्हा तेच म्हणतो. आपण वडिलांना वाचवू शकलो नाही, हे ओझं तो जन्मभर वाहणार. हे त्याला कुठल्या फॉरवर्डने दिलं? लेटरहेडने दिलं. डॉक्टरांवर तेव्हा किती ताण होता ते मला दिसत होतं, रात्रंदिवस उभे होते. पण "मिळालं तर बघा, नाही मिळालं तर जिवाला खाऊ नका" एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. असं सांगणारा एक माणूस आख्ख्या ठाणे शहरात त्याला भेटला नाही.

भाषेचं तर बोलायलाच नको. २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांची लसनोंदणी उघडली. कोविन इंग्रजीत. मराठी आली जूनमध्ये. तोवर ज्यांना इंग्रजी आणि वेगवान नेट दोन्ही होतं, त्यांनी स्लॉट पटकावले. आपल्याच भागातली माणसं गाड्या काढून शहापूर-मुरबाडकडच्या केंद्रांवर लस घेऊन आली. आणि परत येऊन आपण काय म्हणालो? "खेड्यातले लोक लशीला घाबरतात हो."

आता कुणी म्हणेल, म्हणजे लोकांची काहीच चूक नाही? आहे ना. आणि ती अज्ञानाची कमी, निर्दयपणाची जास्त. पॉझिटिव्ह आलेल्यांच्या नावांच्या याद्या फ्लॅट नंबरासकट ग्रुपवर आपणच फिरवल्या. कामवाल्या मावशींना महिनोन्‌महिने गेटवर अडवलं आणि स्वतः मात्र पिशवी घेऊन गावदेवी मार्केटला गेलो. नर्स भाडेकरूला खोली सोडायला लावणारेही आपल्यातलेच. याला व्हॉट्सअ‍ॅप जबाबदार नाही. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

पण चांगलं कुठे झालं तेही बघा. धारावीत. तिथले स्थानिक खासगी डॉक्टर महापालिकेबरोबर गल्लीत उतरले, तापाची शिबिरं लावली. लोकांनी दार उघडलं, कारण पीपीई किटच्या आतला माणूस ओळखीचा होता. वर्षानुवर्षं त्याच्याकडेच तर पोराला न्यायचे. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. तिथल्या लोकांना कुणी अडाणी म्हणून हसलं नाही, जाऊन बोललं. राज्यभर आशाताई दारोदार फिरल्या, ऑक्सिजन मोजला, त्याच दोन गोष्टी शंभर वेळा समजावल्या. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला जादा एक हजार रुपये. जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. जी बाई खरी माहिती उंबरठ्यावर आणून देत होती तिची आपण लावलेली किंमत ही.

म्हणून हसून झालं असेल तर कामाचं बोलू. पुढची साथ येणारच आहे. ती यायच्या आधी मला तीन गोष्टी हव्यात.

एक. नौपाडा-कोपरी प्रभागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रावर आणि ‘आपला दवाखाना’वर मराठीत एक फळा. वर तारीख. खाली तीन रकाने: आज काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, गेल्या आठवड्यात सांगितलेलं काय बदललं आणि का. खर्च? एक खडू.

दोन. एक फोन नंबर, जो माणूस उचलेल. "अमुकसाठी एक दाबा" नको. ज्याला "मला माहीत नाही, विचारून उद्या सांगतो" असं म्हणायची परवानगी असेल असा माणूस हवा.

तीन. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात देताना, ते कशासाठी, किती उपयोगाचं आणि नाही मिळालं तर काय, हे तोंडी तरी सांगायचं बंधन.

उद्या मतं मागायला दारात येतील त्यांना गटार आणि पार्किंगच्या आधी हे विचारा.

आणि आपल्यासाठी एक, फुकटातलं. ग्रुपवर कुणी काकूंनी कापराची पुरचुंडी टाकली तर लगेच हसणारा इमोजी टाकू नका. फोन करा. "काकू, काय झालं, कोण आजारी आहे घरात?" एवढं विचारा. बहुतेक वेळा त्या फॉरवर्डच्या मागे एक घाबरलेलं घर असतं.

मॅनेजर साहेब, हे तुम्हीही वाचाल, माहीत आहे. राग मानू नका. उद्या कट्ट्यावर या, चहा माझ्याकडून. पटलं नाही तर खाली जरूर लिहा, मित्रांनो. फक्त ‘अडाणी’ हा शब्द न वापरता लिहून बघा.