अक्षर येण्याआधीचे बीजगणित

दिवसाअखेर रोजकीर्द आणि गल्ल्यातील रोकड यांचा मेळ बसला नाही, की पेढीवरचा जुना दिवाणजी आधी एक गोष्ट करीत असे. फरकाच्या रकमेला नऊने भाग जातो का, हे तो पाही. भाग गेला तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, 72 च्या जागी 27 किंवा 540 च्या जागी 450 लिहिले गेले असावे, असा तर्क करून तो तशाच नोंदी प्रथम तपासावयास घेई. भाग गेला म्हणजे अदलाबदल झालीच असे नव्हे. पण शोध कोठून सुरू करावा हे त्याला कळे, आणि पुष्कळदा चूक तेथेच सापडे. बँकांतील आणि कचेऱ्यांतील हिशेबनीसांनाही ही युक्ती परिचित होती. आता बेरजा यंत्रे करतात आणि युक्ती विस्मरणात चालली आहे. तिच्या पोटात दडलेला प्रश्न मात्र शिळा झालेला नाही. नऊच का? आठ किंवा अकरा का नाही?

उत्तर अवघड नाही. 72 म्हणजे सात दशक आणि दोन सुटे. अंकांची जागा बदलली की सातांतील प्रत्येक जण दहाचा एक होतो, म्हणजे नऊ गमावतो. आणि दोहोंतील प्रत्येक जण एकाचा दहा होतो, म्हणजे नऊ कमावतो. सात जणांनी गमावले, दोघांनी कमावले. निव्वळ तूट पाच नव्वे पंचेचाळीस. अंक कोणतेही घ्या, तूट किंवा वाढ नवांच्याच पटीत येणार. या स्पष्टीकरणात एकही अक्षर आले नाही, समीकरण आले नाही. काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या घेऊन चौथीच्या मुलालाही ते हाती धरून पाहता येईल. तरीही हे अंकगणित नव्हे. एका उदाहरणाचे उत्तर काढणे हे अंकगणित. कोणत्याही उदाहरणात असेच का घडावे, हे पाहणे म्हणजे बीजगणित. क्ष आणि य ही त्या पाहण्याची लघुलिपी आहे. आपल्या शाळांनी लघुलिपी शिकविण्याचे काम अंगावर घेतले, आणि जे लिहावयाचे ते पाहावयास शिकविण्याचे राहून गेले.

बालभारतीची 2016 ते 2018 या वर्षांत आलेली पुस्तके पाहिली, तर सहावीत ‘समीकरणे’ हे प्रकरण येते, सातवीत बैजिक राशी, आठवीत विस्तार सूत्रे. आणि नववी-दहावीत गणिताचे दोन भाग होऊन बीजगणिताकडे झुकलेल्या पहिल्या भागाची चाळीस गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यापुढे उभी राहते. क्रमात दोष काढण्यासारखे फारसे नाही. दोष त्याआधीच्या पाच वर्षांत आहे. त्या पाच वर्षांत मुलाने शेकडो बेरजा-वजाबाक्या केलेल्या असतात, आणि त्यांतून ‘गणित म्हणजे उत्तर’ ही एकच शिकवण त्याच्या मनात घट्ट बसलेली असते. मग एके दिवशी फळ्यावर परक्या लिपीतले अक्षर अवतरते आणि त्याची किंमत काढा असे सांगितले जाते. आपल्या आधीच्या पिढ्यांना निदान ‘क्ष’ भेटत असे. रोंटगेनने 1895 साली शोधलेल्या अज्ञात किरणांनाही मराठीने ‘क्ष-किरण’ म्हटले, इतके ते अक्षर अज्ञाताचे घरगुती नाव झाले होते. अर्थात नाव घरगुती असल्याने ओळख होते असेही नाही. क्ष शिकलेल्या पिढीतही गणिताला भिणारे कमी नव्हते.

याचे मूळ एका लहानशा चिन्हात आहे. कोणाही शिक्षकाने उद्या आपल्या वर्गात एक प्रश्न फळ्यावर लिहून पाहावा: 8 + 4 = □ + 5. चौकटीत काय येईल? उत्तर 7 आहे. अमेरिकेत फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर या अभ्यासकांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सहावीच्या 145 मुलांचा वृत्तांत आहे. त्या सर्वांनी 12 किंवा 17 असे उत्तर दिले होते, एकानेही 7 म्हटले नव्हते. मुले मंद नव्हती. बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम, असे त्यांना वर्षानुवर्षे शिकविले गेले होते. कोणी तोंडाने सांगितले नसले तरी.

मराठीत हा घोटाळा अधिकच गडद होतो. आपण ‘आठ अधिक चार बरोबर बारा’ म्हणतो, आणि मुलाने बारा म्हटल्यावर गुरुजी उद्गारतात, ‘बरोबर!’ समान आणि अचूक या दोन्ही अर्थांसाठी शब्द एकच. त्यामुळे चिन्हाच्या उजवीकडे जे येते ते उत्तरच असणार, ही समजूत आपल्या भाषेनेही पोसली आहे. हेच मूल सहावीत गेल्यावर त्याला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र मिळतो. का बदलते, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही आणि सोयही नसते. दुकानातील तागडी ज्याने पाहिली आहे त्याला दोन्ही पारड्यांतून सारखेच काढले तर काटा हलत नाही हे सांगावे लागत नाही. पहिली-दुसरीतच ‘12 = 8 + 4’ असे उलटे, ‘8 + 4 = 9 + 3’ असे दुहेरी, आणि ‘7 = 7’ असे वरवर निरर्थक वाटणारे लेखनही मुलांसमोर आले, तर सहावीतील निम्मी अडचण उरणार नाही, असे मला वाटते.

भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडण्याची रीत आहे. अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणावयाचे आणि ‘या’ लिहावयाचे; अज्ञाते अधिक असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे द्यावयाची. ज्ञात संख्येला ‘रूप’. त्यांच्या एका उदाहरणाचा आशय असा: एकाजवळ तीनशे रूपये आणि सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभराचे कर्ज आहे, दोघांची मत्ता सारखीच, तर घोड्याची किंमत काय? आज घोड्यांच्या जागी शेळ्या घ्याव्यात. सहा शेळ्या दोघांच्याही दावणीतून सोडल्या, तर एकाकडे तीनशे रुपये उरतात आणि दुसऱ्याकडे चार शेळ्या व शंभराचे देणे. म्हणजे चार शेळ्यांचे चारशे, एकीचे शंभर. कर्ज म्हणजे ऋण संख्या, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बुद्धी हेच खरे बीज, अशा आशयाचे विधान भास्कराचार्यांनी केले आहे. रंगांची नावे ही तिची साहाय्यक. त्यांचे विज्जडवीड म्हणजे विजापूर की खानदेशातील पाटणजवळचे एखादे गाव, यावर आपण हिरिरीने वाद घालतो. त्यांच्या या विधानावर तेवढ्या हिरिरीने बोलत नाही.

विजापूरचा विषय निघालाच आहे, तर सोलापूर जिल्ह्याच्या त्या बाजूच्या एका गावाकडे वळू. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गाणगापूर रोडच्या अलीकडे, अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. घरात कन्नड, बाजारात कन्नड-मराठी दोन्ही, आणि अनेक मुलांच्या शाळेत मराठी. सीमावादाच्या निमित्ताने या तालुक्याचे नाव पुष्कळदा घेतले गेले. तेथील मुलांच्या गणिताचा विचार त्या ओघात क्वचितच झाला.

अशा मुलाला शिक्षक ‘सत्तावीस’ सांगतात आणि ते 72 लिहिते. तांबड्या शाईची फुली पडते, आणि ‘गणितात कच्चा’ हा शेरा तेथपासून त्याच्यामागे लागतो. वस्तुतः मूल कच्चे नाही. त्याच्या घरी सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग सात. ज्या क्रमाने ऐकावयाचे त्याच क्रमाने लिहावयाचे. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना मागे ठेवतो. ‘एकोणतीस’ तर त्याहून निराळा. तो म्हणजे तिसांत एक उणा. तेच कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस आणि नऊ. एकाच संख्येची ही दोन रूपे, एक बेरजेचे आणि एक वजाबाकीचे: 20 + 9 = 30 − 1. दुधनीच्या मुलाच्या जिभेवर हे समीकरण शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच असते. पुण्याच्या एकभाषिक मुलाजवळ ही संपत्ती नाही. आपण मात्र तिला गोंधळ म्हणतो.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशा वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या रीतीची बाजू मांडली. समाजाने बहुतांशी विनोद केले. ‘एकवीस’ टाकून द्यावा असे मलाही वाटत नाही. भाषा अशी हुकुमाने बदलत नसते, आणि ‘एकोणतीस’मधील वजाबाकी गमावणे मला परवडणार नाही. पण दोन रीती शेजारी ठेवून त्यांत सारखे काय आणि निराळे काय हे मुलांना विचारण्याची जी संधी आली होती, ती आपण हशात घालविली.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. पाचवीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही अशी ओरड ‘असर’सारख्या पाहण्यांतून वर्षानुवर्षे होत असताना, पहिलीपासून बीजगणिताच्या गोष्टी कशाला? आधी पाढे आणि क्रिया पक्क्या होऊ द्या. पाढे पक्के हवेतच; त्याविषयी माझे दुमत नाही. परंतु क्रिया कच्ची राहते ती बहुधा संबंध न दिसल्यामुळे. 1000 वजा 456 हे गणित तीन ठिकाणी उसने घेण्याचे. त्यात मुले हमखास घसरतात. दोन्ही संख्या एकेकाने कमी केल्या तर फरक बदलणार नाही, एवढे ज्याला दिसले तो 999 वजा 455 करील आणि उसने न घेता 544 लिहील. वडील आणि मुलगा यांच्या वयांतील अंतर गतवर्षीही तेवढेच होते, हे त्याला ठाऊक असतेच. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर केलेले काम याच दिशेचे आहे. 27 + 32 आणि 29 + 30 ही समान आहेत की नाहीत हे बेरीज न करता सांगा, अशा प्रश्नांतून पदांकडे पाहावयास शिकवून ते अक्षरांपर्यंत गेले. क्रिया आणि विचार यांना एकमेकांची वाट पाहत ठेवण्याचे कारण नाही.

देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 1949 साली 6174 या संख्येचा चमत्कार दाखविला, आणि मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, याचा आपल्याला अभिमान असतो. विज्ञानदिनी भिंतीवर ती संख्या लागते. तिचा तीन अंकी भाऊ 495 हा तर पाचवीच्या वर्गासाठीच जन्मला असावा. तीन अंक घ्या, सगळे सारखे नसावेत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, तिच्यातून लहानात लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. 821 वजा 128 म्हणजे 693. मग 963 वजा 369, 594. मग 954 वजा 459, 495. तेथून पुढे तेच. मुले वजाबाक्या मोजीत नाहीत, आपण होऊन वीस-पंचवीस करतात. पण शिक्षकाने येथे थांबता कामा नये. प्रत्येक उत्तराच्या मध्यभागी नऊच का येतो? मधला अंक बदलून पाहा; उत्तर बदलते का? नाही बदलत, कारण तो दोन्ही संख्यांत दशकाच्याच जागी असतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. उरतो तो कडेच्या दोन अंकांचा फरक, नव्याण्णव वेळा. आठवीत हेच अक्षरांनी लिहिता येईल, आणि त्या वेळी अक्षर परके वाटणार नाही. लांबलचक बोलणे आटोपशीर करणारे साधन म्हणून त्याचे स्वागत होईल.

यासाठी नवे पुस्तक नको आणि नवा विषय तर मुळीच नको. हवी आहे ती शिक्षकाला मोकळीक. घटक संपविण्याच्या घाईत ‘का’ हा प्रश्न पहिला बळी जातो, हे ज्याने वर्ग घेतला आहे त्याला ठाऊक आहे. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात बीजगणित हे माध्यमिकचे काम म्हणून सोडून दिले जाते. तेथे ते आणले पाहिजे. आणि पाचवीच्या चाचणीत एखादा तरी प्रश्न असा असावा, की ज्यात उत्तर दिलेलेच आहे आणि कारणाला गुण आहेत. परीक्षेत नसलेल्या गोष्टीला आपल्या शाळांत वेळ मिळत नाही. हे खेदजनक असले तरी खरे आहे, आणि तेच धरून चालावे लागेल.

दुधनीच्या बाजार समितीत पौष-माघात तुरीची आवक असते. त्या दिवसांत कोणा पालकाकडून एक हिशेबपट्टी मागून घ्यावी आणि नाव झाकून ती शाळेतील तीन वर्गांत न्यावी. समजा, पोत्यामागे किंमत 4,000 रुपये, पोत्यामागेच हमाली-तोलाई मिळून 20, गाडीभाडे एकदाच 600, आणि हाती आलेली रक्कम 39,200. दुसरीच्या मुलांनी दोन पारडी काढून पट्टीवरची कोणती रक्कम कोणत्या बाजूला जाईल ते ठरवावे. पाचवीच्या मुलांना पोती दहा आहेत हे सांगून विचारावे, की भाडे दुप्पट झाले तर हाती येणारी रक्कम कितीने घटेल आणि हमाली दुप्पट झाली तर कितीने, पण सारा हिशेब पुन्हा न मांडता. आणि नववीच्या वर्गापुढे पट्टी ठेवताना पोत्यांचा आकडाच बोटाने झाकून ठेवावा.