संध्याकाळचा पहिला तास

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत आणि पलीकडे मध्य प्रदेशातही लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. त्या रात्री आपल्यापैकी बहुतेकांचे फोन सारखे वाजत होते. मलाही बरेच फोन आले आणि पहिल्या तिघा-चौघांना मी "मोठी उल्का असावी" असे सांगून टाकले. पुढच्याने पाठवलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा चूक कळली. उल्का सेकंदाला 11 किलोमीटरपासून 72 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने येते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. व्हिडिओतले तुकडे मात्र जवळजवळ आडवे, रांगेने, सावकाश चालले होते. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, म्हणून ती आकाश ओलांडायला वेळ घेते आणि वाटेत फुटत जाते. एवढा फरक आकाशदर्शन घडवणाऱ्या माणसाला पाहताक्षणी ओळखता यायला हवा. मला तो ओळखायला उशीर झाला.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक भलीमोठी धातूची कडी येऊन पडली. परिसरात धातूचे गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही. कडी पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली गेली. ती बहुधा चिनी चांग झेंग 3बी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याची आहे, हे काही तासांत जगाला सांगितले ते अमेरिकेतल्या जोनाथन मॅकडॉवेल यांनी. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या अग्निबाणाचा तो टप्पा वर्षभर घिरट्या घालत हळूहळू खाली येत होता.

मॅकडॉवेल यांचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात चंद्रा क्ष-किरण वेधशाळेचे काम करता करता त्यांनी 1989 पासून अंतराळातल्या वस्तूंची वही ठेवली: काय वर गेले, कुठे आहे, कधी खाली आले. ती वही त्यांनी कोणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवली. पत्रकार विचारतात, शाळकरी मुले विचारतात, सरकारी कचेऱ्यांनाही तिचा आधार वाटतो. त्यांनी कुणाला घाबरवले नाही की आंदोलन उभारले नाही. आकडे नीट ठेवले आणि विचारणाऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. उपग्रहांच्या गर्दीबद्दल लोकांशी बोलायचे ते कसे, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

दुसरे उदाहरण कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातले. रेजायना विद्यापीठातल्या सामंथा लॉलर यांचे संशोधन सूर्यमालेच्या कडेच्या, नेपच्यूनपलीकडच्या लहान पिंडांवरचे. राहायला त्या शेतावर आहेत, अंधाऱ्या आकाशाखाली. मे 2019 मध्ये स्टारलिंकचे पहिले 60 उपग्रह एकदम सोडले गेले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या अंगणातले आकाश बदलत गेले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गणित मांडले: कंपन्यांनी परवानगीसाठी मांडलेले सुमारे 65 हजार उपग्रह खरोखरच वर गेले, तर कुठल्या अक्षांशावर, कुठल्या ऋतूत, किती वाजता किती दिसतील? उत्तर आले की सगळ्यात जास्त झळ 50 अंशांच्या आसपास बसेल आणि तिथे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या दर 15 ठिपक्यांतला एक उपग्रह असेल. मग त्या हे सांगत फिरल्या, लेख लिहू लागल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये ड्रॅगन यानाचा टाकून दिलेला मागचा भाग त्यांच्याच प्रांतातल्या शेतांवर कोसळला. शेतकऱ्यांना ते तुकडे वसंतात, पेरणीच्या तयारीत सापडले. एकाचे वजन 40 किलोच्या घरात होते. कागदावर वर्षानुवर्षे मांडलेली भीती आपल्याच परिसरात येऊन पडल्यावर लॉलर यांनी तीही गोष्ट लोकांपुढे ठेवली.

आता आपल्याकडे येतो.

आपण काय करतो? अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरून मंडळी जमतात, अंधार पडता पडता कार्यक्रम सुरू होतो, आणि पहिल्या तासाभरात कोणीतरी ओरडते, "ते बघा, चालतंय!" आपण म्हणतो, "उपग्रह आहे," आणि पुन्हा मृगाकडे वळतो. स्टारलिंकची नुकतीच सुटलेली ओळ दिसली तर टाळ्या पडतात. फोटो काढणाऱ्याच्या चित्रात रेघ आली तर तो स्टॅकिंगमध्ये ती पुसून टाकतो आणि स्वच्छ चित्र सर्वांना दाखवतो. मीही तसेच करत आलो. पण यातून लोकांपुढे जाते ते 10 वर्षांपूर्वीचे आकाश. 2019 च्या आधी सगळ्या देशांचे मिळून सक्रिय उपग्रह 2,000 च्या आसपास होते. आज ते 10 हजारांच्या पुढे आहेत आणि निम्म्याहून अधिक एकाच कंपनीचे आहेत. डोक्यावर एवढा बदल होत असताना आकाश दाखवणाऱ्यांनी त्याबद्दल काही बोलू नये, हे मला आता पटत नाही.

माझी सूचना साधी आहे. संध्याकाळचा पहिला तास उपग्रहांना द्या. चुकवायचा तास म्हणून नको, धड्याचा तास म्हणून द्या.

यामागचे भूमितीचे कारण सुंदर आहे. उपग्रह स्वतः उजळत नाही, त्याच्यावर ऊन पडते म्हणून दिसतो. आपल्याकडे सूर्य मावळला तरी 550 किलोमीटर उंचावर तो अजून असतो. पृथ्वीची सावली हळूहळू वर चढते आणि सूर्य क्षितिजाखाली सुमारे 23 अंश गेला की ती डोक्यावर बरोबर 550 किलोमीटरपर्यंत पोहोचते. दहावीच्या मुलाला हे करून दाखवता येते: पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर घ्या, तिला 23 अंशांच्या कोसाइनने भागा, 6,921 येतात, त्यातून त्रिज्या वजा करा. म्हणजे डोक्यावरून जाणारा उपग्रह नेमक्या कुठल्या मिनिटाला विझला हे टिपले, तर त्या वेळचा सूर्याचा कोन काढून त्याच्या उंचीचा अंदाज करता येतो. वही, घड्याळ आणि डोळे, एवढ्यावर! चालता तारा आकाशाच्या मध्यावर विझतो तेव्हा अंगणातली माणसे गप्प होतात, आणि तो पृथ्वीच्या सावलीत शिरला हे कळल्यावर आपण स्वतः कुठे उभे आहोत हे त्यांना प्रथमच जाणवते.

महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य सरळ आणि झपाट्याने खाली जातो, म्हणून डोक्यावरचे हे उपग्रह मावळतीनंतर साधारण दीड ते पावणेदोन तासांत सावलीत जातात. मधली रात्र आपल्याला अजून बरीच मोकळी मिळते. लंडनमधल्या आपल्या वाचकांना जूनमध्ये ती मिळत नाही, कारण तिथे मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम 15 अंश जातो. शिवाय स्टारलिंकच्या बऱ्याच कक्षा विषुववृत्ताशी 53 अंशांनी कललेल्या आहेत. उपग्रह तिथवर जाऊन वळतात, म्हणून त्या अक्षांशाजवळ त्यांची दाटी होते. लॉलर यांच्या गणितातल्या 50 अंशांचे मूळ यातच आहे.

पण मधली रात्र मोकळी आहे म्हणून निवांत राहता येत नाही. सूर्याच्या जवळून फिरणारे लघुग्रह आणि नवे धूमकेतू संधिप्रकाशातच शोधावे लागतात. पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणात संधिप्रकाशात घेतलेल्या चित्रांपैकी 2019 च्या अखेरीस अर्धा टक्का चित्रांत स्टारलिंकची रेघ होती. ऑगस्ट 2021 मध्ये हे प्रमाण 18 टक्क्यांवर गेले. त्यानंतर उपग्रह किती वाढले ते वर आलेच आहे. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा आपल्या 8.4 मीटरच्या आरशाने सगळे दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि तिला हा त्रास सर्वांत जास्त होईल. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची अपेक्षा आहे की उपग्रह सातव्या प्रतीहून मंद असावेत. काही कंपन्यांनी ऊन अडवणारे पडदे, गडद लेप असे उपाय केले, त्यांचा थोडा उपयोगही झाला. पण 2022 मध्ये सोडलेला ब्लूवॉकर 3 हा 64 चौरस मीटरचा पत्रा एका वेळी शून्याच्या जवळपासच्या प्रतीपर्यंत उजळला होता.

आणि आपल्या दारातली गोष्ट रेडिओची. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण विज्ञान दिनाला मुलांना घेऊन तिथे जातात. जीएमआरटी ऐकते त्या खालच्या कंप्रतांच्या पट्ट्यातच, 110 ते 188 मेगाहर्ट्झमध्ये, स्टारलिंकच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून नकळत गळणारे संकेत युरोपातल्या लोफार दुर्बिणीने 2023 मध्ये पकडले. नव्या पिढीच्या उपग्रहांचे संकेत पुढच्या वर्षी 32 पट तीव्र आढळले. आणि रेडिओ दुर्बिणीला मध्यरात्रीच्या सावलीचा आसरा नसतो.

हे सांगताना दुसरी बाजू झाकू नये. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावे आहेत. जिथे टॉवरची रेंज पोहोचत नाही तिथल्या आरोग्य केंद्राला जोडणी मिळाली तर मला आनंदच होईल, आणि आकाशदर्शनाला आलेल्या भामरागडच्या शिक्षकाला मी ते खुल्या मनाने सांगेन. आपण भारतीय या गर्दीबाहेर आहोत असेही नाही. 15 फेब्रुवारी 2017 ला एकाच पीएसएलव्हीने 104 उपग्रह नेले तेव्हा आपण पेढे वाटले. जुलै 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेली मोठी टाकी पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याची निघाली. लाडबोरीची कडी दाखवताना तिचाही फोटो शेजारी लावा. इस्रोने 2030 पर्यंत कचरामुक्त मोहिमांचे उद्दिष्ट जाहीर केले आहे, तेही सांगा.

लोकांना भीती घालायचा मोह होईल असा एक मुद्दा म्हणजे टकरींची साखळी. डोनाल्ड केसलर यांनी ती शक्यता 1978 मध्ये सहलेखकासह मांडली. 10 फेब्रुवारी 2009 ला सैबेरियावर सुमारे 790 किलोमीटर उंचीवर इरिडियम 33 आणि निकामी कॉसमॉस 2251 यांची धडक झालीच. पण उद्या सगळे कोसळणार अशा थाटात हे सांगू नका. डिसेंबर 2024 ते मे 2025 या सहा महिन्यांत स्टारलिंकच्या उपग्रहांनी टक्कर टाळण्यासाठी एक लाख 44 हजारांवर वेळा वाट बदलली. हा आकडा शांतपणे सांगितला की ऐकणारा स्वतःच पुढचा प्रश्न विचारतो.

पेंचला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा मान मिळाला तो गावांनी दिवे खाली वळवले म्हणून. दिव्यासाठी ग्रामसभेत जाता येते. उपग्रहासाठी जायचे ठिकाण दूर आहे. 1967 च्या अंतराळ करारानुसार जबाबदारी सोडणाऱ्या देशाची, आणि तो देश बोलेल तो आपल्या नागरिकांनी विचारले तर. म्हणूनच आपल्या अंगणात जमणारी पन्नास माणसे मला महत्त्वाची वाटतात.

तेव्हा येत्या अमावास्येपासून मोजणी सुरू करू. अंधार पडल्यावर अर्धा तास आकाशाचा एकच तुकडा पाहायचा: हिवाळ्यात मृगाचा चौकोन, वसंतात सप्तर्षी. त्यातून गेलेला प्रत्येक उपग्रह, कुठल्या ताऱ्याएवढा दिसला, कुठून कुठे गेला, विझला का, हे लिहायचे. दर महिन्याला तीच जागा, तोच माणूस असला तर उत्तम. तक्ता या अंकाच्या मधल्या पानावर छापला आहे, त्याच्या प्रती काढून शाळांना द्या. ढग आले असतील तर तसे लिहा आणि एकही दिसला नाही तर शून्य लिहून पाठवा. वेळ मात्र मिनिटासह हवी, नाहीतर तो उपग्रह कोणता हे नंतर आपल्याला जुळवता येणार नाही.