पेट्रोलचा हिशेब आणि मजुरीचा प्रश्न

पेट्रोल महागले की वृत्तपत्रे लिटरचा भाव छापतात. सुखवस्तू गृहस्थ त्यावर दोन दिवस चडफडतो आणि गाडी कमी वापरण्याचा निश्चय करतो. परंतु ज्याचे पोटच गाडीच्या चाकावर चालते, त्याला असा निश्चय करण्याची सोय नाही. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील रस्त्यांवर पाठीला चौकोनी पेटी अडकवून घरोघर जेवण, किराणा आणि औषधे पोचवणारे हजारो तरुण आज स्वतःच्या मोटारसायकलीवर, स्वतःच्या पैशाने पेट्रोल भरून दुसऱ्याचा व्यापार चालवीत आहेत. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न लिटरच्या भावाचा नसून महिन्याकाठी पेट्रोलपायी किती रक्कम गेली, हा आहे. आणि बहुतेकांपाशी या प्रश्नाचे नेमके उत्तर नसते.

हे त्यांचे अज्ञान नव्हे. पेट्रोल महिन्याचे एकदम घेतले जात नाही. खिशात असेल त्याप्रमाणे सकाळी शंभराचे, रात्री पन्नासाचे असे ते सुटे भरले जाते. मजुरी मात्र आठवड्याला एकरकमी बँकेत जमा होते. जमेचा आकडा त्यामुळे डोळ्यांत भरतो आणि खर्चाचा नजरेआड राहतो. या नजरेआड राहण्यावरच एका मोठ्या धंद्याचा नफा उभा असल्याने हा हिशेब उघडपणे मांडणे हे चळवळीचे काम ठरते.

हिशेब अवघड नाही. महिन्यात गाडी जितके किलोमीटर चालली, त्या आकड्याला एका लिटरमागे ती प्रत्यक्ष जितके अंतर कापते त्या आकड्याने भागले की लागलेले लिटर मिळतात. त्यांना भावाने गुणले की खर्च निघतो. समजा, एक कामगार दिवसाला १२० किलोमीटर फिरतो आणि महिन्याचे २६ दिवस काम करतो. त्याचे अंतर ३,१२० किलोमीटर झाले. शहरातील गर्दीत त्याची गाडी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर त्याला सुमारे ६९ लिटर पेट्रोल लागेल. भाव लिटरला १०४ रुपये धरला तर हा खर्च ७,२०० रुपयांच्या घरात जातो. किलोमीटरमागे हिशेब केला तर २ रुपये ३० पैसे पडतात.

फसगत होते ती या आकड्यांच्या निवडीत. गाडी विकणारा लिटरला ६० किलोमीटरचे आश्वासन देतो. तो आकडा धरला तर वरचाच खर्च ५,४०० रुपयांवर उतरतो आणि महिन्याला १,८०० रुपये कागदावरून नाहीसे होतात. कामगाराच्या खिशातून मात्र ते जातच असतात. चाचणीत मिळणारे अंतर ठरावीक परिस्थितीतले असते. दर चौकात थांबणारी, उड्डाणपुलावर चढणारी, पावसाळ्यात खड्ड्यांतून वाट काढणारी गाडी तितके अंतर देत नाही. त्यात इथेनॉल-मिश्रणाची भर पडली आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी उष्मांक असतात. २० टक्के मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींचे लिटरमागचे अंतर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला होता. मिश्रणाच्या धोरणाची बाजू काहीही असो, या घटीची भरपाई कामगाराला कोणी दिलेली नाही.

दुसरी फसगत अंतराची. ग्राहकाचे घर हॉटेलपासून चार किलोमीटरवर असेल तर मोबदल्याच्या हिशेबात प्रामुख्याने ते चार किलोमीटर येतात. पण हॉटेलपर्यंत पोचण्यासाठी दोन किलोमीटर आणि माल देऊन पुन्हा वर्दळीच्या नाक्यावर परतण्यासाठी चार किलोमीटर गाडी रिकामी पळते. पेट्रोल दहा किलोमीटरचे जळते, म्हणजे २३ रुपयांचे. त्या फेरीचा मोबदला ४० रुपये असेल तर मजुरी १७ रुपयेच झाली. आणि त्यातूनही टायर, ऑइल, ब्रेक, विमा व कर्जाचा हप्ता यांचा वाटा वेगळा काढावा लागतो.

भाव स्थिर असते तरी हा अन्याय होता. भाव चढतात तेव्हा तो दुप्पट होतो. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलण्याची पद्धत आली. मुंबईत २०२१ च्या जानेवारीच्या आरंभी ९० रुपयांच्या आसपास असलेला लिटरचा भाव नोव्हेंबरच्या आरंभी ११५ रुपयांवर पोचला होता. महिन्याला ६९ लिटर जाळणाऱ्या कामगाराच्या मजुरीत ही १,७०० रुपयांहून अधिक कपात होती. तिची नोटीस निघाली नाही, तिच्यावर कोणाची सही नव्हती. भाववाढ निसर्गाच्या कोपासारखी सोसली गेली.

वास्तविक तिच्यात निसर्गाचा काही भाग नव्हता. २०२० च्या वसंतात जगात खनिज तेल कमालीचे स्वस्त झाले, तेव्हा तो लाभ ग्राहकापर्यंत पोचू न देता मे महिन्यात केंद्र सरकारने पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे १० रुपयांनी वाढवून ते ३२ रुपये ९८ पैशांवर नेले. पुढे दोनदा कपात होऊन मे २०२२ मध्ये हे शुल्क १९ रुपये ९० पैसे झाले. त्यातही राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागणारा मूळ शुल्काचा भाग अवघा १ रुपया ४० पैशांचा होता, बाकी सारे अधिभार आणि विशेष शुल्क. त्या दरानेही वरील कामगार महिन्याला सुमारे १,३७० रुपये केंद्राच्या तिजोरीत भरत होता. राज्याचा मूल्यवर्धित कर त्याहून निराळा. ज्याचे उत्पन्न प्राप्तिकराच्या पायरीपर्यंतही पोचत नाही, त्याच्या मजुरीच्या साधनावर असा कर बसतो, आणि वर ‘करदाता’ या शब्दात त्याला कोणी धरीत नाही.

गिरणगावात गिरण्या चालू होत्या तेव्हा मालकांनी कामगाराला लुबाडण्याचे पुष्कळ मार्ग शोधले. पण बॉयलरच्या कोळशाचे बिल मालकाच्याच वहीत पडत असे. विणकराने कोळसा घरून आणावा, अशी अट नव्हती. आजच्या ॲप-कंपन्यांनी नेमके तेच साधले आहे. यंत्र कामगाराचे, इंधन कामगाराचे, अपघाताची जोखीम बव्हंशी कामगाराची. आणि या साऱ्याला नाव ‘भागीदारी’. ज्या भागीदाराला दर ठरवण्यात आवाज नाही आणि नफ्यात वाटा नाही, त्याची भागीदारी फक्त खर्चात असते.

इंधन हा धंद्याचा खर्च आहे, हे तत्त्व समाजाने अन्यत्र केव्हाच मान्य केले आहे. रिक्षा-टॅक्सीचे भाडे ठरवताना महाराष्ट्रात आधी हकीम समितीच्या आणि नंतर खटुआ समितीच्या सूत्राने इंधन, देखभाल, वाहनाची किंमत, विमा यांचा विचार झाला. त्यानुसार मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचे किमान भाडे मार्च २०२१ मध्ये २१ रुपये, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ रुपये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. ही वाढ उशिरा होते आणि अपुरी पडते, हे खरे. परंतु रिक्षावाल्याला निदान सूत्र आहे, सुनावणीचा दरवाजा आहे. त्याच रस्त्यावर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्याला यांपैकी काहीच नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे, की फेरीच्या मोबदल्यात इंधन गृहीतच धरलेले असते. तसे असेल तर इंधनाची रक्कम आणि मजुरीची रक्कम वेगळी दाखवण्यात अडचण कोणती? ही दोन खाती एकत्र ठेवण्याचे प्रयोजनच हे, की भाव वाढला तरी मोबदला तोच ठेवता यावा. विजेच्या गाड्या आल्या म्हणजे प्रश्न मिटेल, असेही सांगितले जाते. विजेचा खर्च किलोमीटरमागे कमी येतो, हे मान्य. पण गाडीचे रोजचे भाडे किंवा बॅटरी बदलण्याचे शुल्क कामगारानेच भरायचे असेल, तर वहीतल्या खर्चाचे फक्त नाव बदलते.

कायदाही येथे अपुरा आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना नाव दिले. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. परंतु या सर्वांचा भर प्रामुख्याने नोंदणी आणि कल्याणनिधी यांवर आहे. आजारपणात निधीतून मदत मिळणे आवश्यकच. पण रोजच्या मजुरीतून पेट्रोलच्या रूपाने जी रक्कम झिरपून जाते, तिला त्याने बांध बसत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक फेरीच्या मोबदल्यात इंधनभत्ता मजुरीहून वेगळा दाखवला जावा. अंतर काम स्वीकारल्याच्या जागेपासून मोजले जावे आणि परतीच्या रिकाम्या अंतराचाही त्यात समावेश असावा. भत्त्याचा दर शहरात प्रत्यक्ष मिळणाऱ्या अंतरावर ठरावा आणि पंपावरील भावाशी बांधला जाऊन दर महिन्याला सुधारला जावा. राज्य सरकारने या कामासाठी रिक्षाभाड्यासारखे सूत्र आणि कामगार-प्रतिनिधी असलेली समिती नेमावी.

या मागण्या नुसत्या ठरावांनी पुढे सरकणार नाहीत. त्यांच्यामागे आकडे उभे करावे लागतील आणि ते कार्यकर्त्यांनीच गोळा करावे लागतील. आपल्या भागातील एका नाक्यावरील वीस कामगारांना एकेक वही द्यावी. महिन्याच्या पहिल्या आणि अखेरच्या दिवशी मीटरवरील किलोमीटर लिहावेत, आणि मधल्या काळात पेट्रोल पन्नासाचे भरले तरी रक्कम व लिटर तिथल्या तिथे टिपावेत. टाकीत आधी उरलेल्या पेट्रोलाने हिशेबात पडणारा फरक महिनाभरात नगण्य होतो. वहीच्या दुसऱ्या पानावर कंपनीने मोजलेले अंतर आणि दिलेला मोबदला लिहावा. महिनाअखेरीस ही दोन पाने शेजारी ठेवली की कंपनी किती किलोमीटरचे पैसे देते आणि कामगार किती किलोमीटर धावतो, हे त्याला कोणी भाषण करून सांगण्याची गरज उरणार नाही. अशा वीस वह्या घेऊन कामगार-आयुक्तांच्या कार्यालयात गेलेल्या शिष्टमंडळाला ‘आकडे कुठे आहेत?’ असे विचारून परत पाठवणे कोणालाही जड जाईल.