पेन कोणाचे, हे बँक विचारत नाही

धनादेश घेताना तो कोणत्या कंपनीच्या पेनाने लिहिला, हे मी ग्राहकाला कधी विचारत नाही. कागद, एमआयसीआर पट्टी, रकान्यांच्या जागा हे सारे ठरलेले आहे. सीटीएस-२०१० हे मानक सर्व बँकांनी स्वीकारले, म्हणून एका बँकेचा धनादेश दुसरीत बिनबोभाट वटतो.

संगणकावर मात्र हा न्याय नाही. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर एका कार्यालयाचा अर्ज भरायला माझ्याकडे आले. पडद्यावर सूचना झळकली : ‘फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडावे.’ आणि मायक्रोसॉफ्टने तर तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजीच निवृत्त केला होता! मास्तरांना शेवटी रिक्षा करून कार्यालय गाठावे लागले. यात त्यांची काय चूक?

दक्षिण कोरियाने असाच धडा महागात घेतला. तेथील बँकव्यवहारासाठी ‘सीड’ ही देशी सांकेतिक पद्धत आली. ती ब्राउझरमध्ये नव्हती, म्हणून अॅक्टिव्हएक्सची जोडणी आली आणि ती चाले केवळ एक्सप्लोररमध्ये. सारा देश वर्षानुवर्षे एका कंपनीच्या दाराशी बांधला गेला. सरकारमान्य प्रमाणपत्राची मक्तेदारी कायद्याने संपायला डिसेंबर २०२० उजाडला.

सुरक्षिततेसाठी सक्ती हवी, असे सांगितले जाते. कुलूप मजबूत हवेच. पण किल्ली एकाच दुकानात मिळावी, हा हट्ट कशाला?

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना हे नवे नाही. २००० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. काही तर एक्सप्लोररमध्येच दिसत, एरवी नुसती गिचमिड. युनिकोड हे सर्वांचे मानक रुजले, तेव्हा कुठे मराठी कोणत्याही फोनवर वाचता येऊ लागली. मंडळांची जुनी इतिवृत्ते त्या जुन्या फॉन्टांत अडकली असतील, तर ती आताच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत. पुढच्या पिढीला ती उघडणारही नाहीत.

एक्सप्लोरर गेला, आता ‘क्रोममध्येच उघडा’ अशी पाटी दिसू लागली आहे. मालक बदलला, सक्ती तीच. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्येच जाहीर केले आहे. अशी पाटी दिसली की त्या धोरणाचा हवाला देऊन लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. कर सगळ्यांकडून घेता, तर दारही सगळ्यांना उघडे ठेवा, एवढेच मागणे आहे.